केतिलराव मत मागायला येतात

केतिलराव दर शनिवारी सकाळी दहाला आमच्या दारात मत मागायला यायचे. निवडणूक असो वा नसो. अंगात काळा सूट, गळ्यात टाय आणि पायात गुडघ्यापर्यंत गमबूट. बाहेर कडकडीत ऊन असलं तरी गमबूट. बेल वाजवायचे, दोन पावलं मागे सरायचे, हॅट काढून छातीशी धरायचे आणि म्हणायचे, "बाई, मी उमेदवार आहे. तुमचं मत मागायला आलोय."

पहिल्यांदा आले तेव्हा मी दार उघडलं नाही. मुलाने मला अमेरिकेत आणल्या आणल्या बजावून ठेवलं होतं, "आई, इथे कुणी फोन केल्याशिवाय येत नाही. फोनशिवाय जो येतो तो एक तर काहीतरी विकायला येतो, नाहीतर आपला देव बदलायला येतो." हा माणूस त्यातला कुठला ते मला कळेना. खिडकीतून पाहिलं तर पाच मिनिटं झाली तरी तसाच उभा, हॅट छातीशी. म्हातारा, माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठा असेल. शेवटी मी दार उघडलं. उघडायला नको होतं, असं नंतर बरेचदा वाटलं.

ही गोष्ट पंच्याऐंशीच्या आसपासची. व्हर्जिनियात हर्नडन नावाच्या गावी मी माझा मुलगा अनिल आणि सून शैला यांच्याकडे राहत होते. एकाला एक चिकटलेली साठेक घरं, सगळी एकाच रंगाची. आपल्याकडे याला चाळ म्हणाले असते. अनिल टाउनहाउस म्हणायचा. सकाळी साडेसातला सगळ्यांच्या गाड्या बाहेर पडल्या की संध्याकाळपर्यंत रस्त्यावर माणूस दिसत नसे. घरात मी, टीव्ही आणि फ्रीज. फ्रीज मधूनमधून आवाज तरी करायचा.

केतिलरावांचं घर आमच्या भिंतीला भिंत लागून. माणूस आइसलँडचा. नावातच बर्फ असलेला देश. आमच्या एखाददुसऱ्या तालुक्यात मावतील एवढी माणसं, पण स्वतःचं सरकार, स्वतःची लोकसभा आणि स्वतःची भांडणं. त्या लोकसभेत केतिलराव बारा वर्षं मेंबर होते. शिवाय कवी होते. हे दोन्ही ते एकाच दमात सांगायचे, जसं आपल्याकडे एखादा सांगतो की मला मधुमेह आहे आणि रक्तदाबही आहे. बायको वारल्यावर मुलीने त्यांना इथे आणलं. मुलगी सिग्रून, विमान कंपनीत नोकरीला. आठवड्यातले चार दिवस ती आकाशात आणि म्हातारा जमिनीवर.

त्यांच्या पत्रांच्या पेटीवर बापाचं आडनाव वेगळं आणि मुलीचं वेगळं, हे शैलाने वाचून सांगितलं. मला वाटलं, मुलगी सावत्र असेल. मी विचारलंच. मनात ठेवून कुढत बसण्यापेक्षा विचारलेलं बरं.

केतिलराव म्हणाले, "आमच्यात आडनाव नसतं. मी केतिल, ग्रिमचा मुलगा. ती सिग्रून, केतिलची मुलगी. पंतप्रधानालासुद्धा आम्ही पहिल्या नावाने हाक मारतो. तुम्ही कुणाच्या?"

मी नवऱ्याचं नाव सांगितलं.

"ते लग्न झालं. मुलगी कुणाची?"

"गणूची."

पन्नास वर्षांत बापाचं नाव कुणी विचारलं नव्हतं. तेव्हापासून त्यांच्यासाठी मी गणूची मुलगी. मला मात्र एवढ्या म्हाताऱ्या माणसाला नुसतं केतिल म्हणवेना. मी पुढे 'राव' लावलं. त्यांना वाटलं, आमच्या देशाने त्यांना काही पदवी दिली. मी खुलासा केला नाही.

आम्ही बोलायचो ते इंग्रजीतच. माझी शाळा चौथीपर्यंत, वेंगुर्ल्याच्या मराठी शाळेत. इंग्रजी शिकले ती टीव्हीवरच्या बायकांची रडारड बघून. अनिलचे मित्र बोलले की मला ओ की ठो कळत नसे. केतिलरावांचं मात्र सगळं कळायचं, कारण तेही एकेक शब्द हुडकून आणून समोर ठेवायचे आणि मग पुढच्या शब्दाला जायचे. अनिल म्हणायचा, "त्यांचं इंग्लिश फार स्लो आहे." मी म्हणायचे, "तुझं फार फास्ट आहे, त्यात काय कौतुक?"

तर ते यायचे, खुर्चीत बसायचे आणि कॉफी मागायचे. काळी, बिनसाखरेची, पण सोबत साखरेचा खडा हवा. खडा दातात धरायचा आणि त्यातून कॉफी ओढायची, ही म्हणे त्यांच्या देशाची रीत. माझ्याकडे साखरेचे खडे नव्हते. कुणी देशातून आलं की गूळ आणायचं, तो मी जपून वापरायचे. मी गुळाचा खडा दिला. आमच्या आजोबांचा कोरा चहा असाच असायचा. केतिलरावांनी खडा दाढेखाली धरला, डोळे मिटले आणि म्हणाले, "सभागृहाने नोंद घ्यावी." सभागृहात मी आणि फ्रीज. जाताना त्यांनी आणखी एक खडा मागून घेतला आणि कोटाच्या खिशात टाकला. पुढच्या शनिवारीही तेच. एक तोंडात, एक खिशात. मी मनात म्हटलं, बारा वर्षं मेंबर होता, खिशात टाकायची सवय कशी जाणार?

त्यांची आणखी एक सवय म्हणजे कॉफीचा पहिला घोट घेतला की विचारायचं, "विरोधी पक्षाचं काय म्हणणं आहे?" विरोधी पक्ष कोण, ते दर वेळी बदलायचं. कधी अनिल, कधी हवामान, कधी माझे गुडघे. मी सांगायचे, "विरोधी पक्ष आज जिना चढू देत नाही." मग ते खिशातून चिठ्ठी काढून गुडघ्यांच्या निषेधाचा एक चार ओळींचा श्लोक तिथल्या तिथे लिहायचे. पोस्टमनच्या कुत्र्यावर, ब्रोकोलीवर, गवत कापायच्या यंत्रावर, सगळ्यांवर त्यांचे श्लोक होते. त्यांच्या लोकसभेत म्हणे मेंबर लोक भाषणं ऐकत नाहीत, एकमेकांची टिंगल करणारे श्लोक लिहून चिठ्ठ्या बाकांवरून फिरवतात. आपल्याकडे खुर्च्या फेकतात, त्यापेक्षा हे बरं.

त्यांच्या श्लोकाचा कायदा कडक. पहिल्या ओळीत एकच अक्षर शब्दांच्या सुरुवातीला दोनदा यायला हवं आणि दुसऱ्या ओळीच्या आरंभी पुन्हा तेच. नाहीतर तो श्लोक नाही, किराण्याची यादी. मी म्हटलं, आमच्याकडे जात्यावर बसून बायका ओव्या रचायच्या, तेव्हा अक्षरं मोजायला हात मोकळे नसायचे. तरी मी एक करून दाखवली. आमच्या घरांच्या कमिटीचा अध्यक्ष बॉब नावाचा एक गृहस्थ होता. तो पट्टी घेऊन लोकांच्या अंगणातलं गवत मोजत हिंडायचा. वाढलं असेल तर दुसऱ्या दिवशी पत्र.

बॉब मोजतो गवत, हातात घेऊन पट्टी,
गवत म्हणतं बॉबला, तुझी माझी कट्टी.

मोडक्यातोडक्या इंग्रजीत अर्थ सांगितला. केतिलरावांनी बोटांवर अक्षरं मोजली आणि म्हणाले, "अक्षरं कमी पडली. पण शत्रू अचूक निवडला आहे."

एवढे हुशार होते, तर निवडणूक हरलात कसे, असं मी एकदा विचारलं. त्यांनी एका पुलाची गोष्ट सांगितली. त्यांच्या मतदारसंघात एक नदी होती, डोंगरावरच्या बर्फातून निघालेली, वेडीवाकडी, दरवर्षी माणसं-घोडी नेणारी. प्रचाराला फिरताना ती चालत ओलांडावी लागायची. गमबूट तेव्हापासूनचे. बारा वर्षं लोकसभेत भांडून त्यांनी तिच्यावर पूल मंजूर करून घेतला. पूल झाला, मंत्री आला, फीत कापली. आणि पुढच्या उन्हाळ्यात नदीने आपली वाट बदलली. अर्धा कोस बाजूने वाहायला लागली. पूल कोरड्या जमिनीवर उभा, खाली मेंढ्या बसलेल्या.

"मग?"

"मग मी त्यावर श्लोक लिहिला. फार सुंदर जमला. महिन्याभरात अख्ख्या मतदारसंघाचा तोंडपाठ झाला. विरोधी पक्ष तो सभेत एकसाथ म्हणायचा. मी पडलो."

"मग लिहायचा कशाला?"

केतिलरावांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी विचारलं की श्वास घ्यायचा कशाला. म्हणाले, "अक्षरं जुळली होती, गणूची मुलगी."

आमच्याकडे मी असे मेंबर पाहिलेत की ज्यांनी नदी नसताना पूल बांधला आणि कागदावर त्याखालून पाणीही वाहवलं. पण त्यावर स्वतःच कविता करून पडणारा एकही पाहिला नाही.

अमेरिकेत आल्यावरही त्यांची खाज गेली नाही. इथल्या मोठ्या निवडणुकीत त्यांना मत नव्हतं, मलाही नव्हतं. पण घरांच्या कमिटीची निवडणूक दर ऑक्टोबरात व्हायची, त्याला नागरिक असावं लागत नसे. घरटी एक मत. केतिलराव दोनदा बॉबविरुद्ध उभे राहिले आणि दोन्ही वेळा सपाटून पडले. जाहीरनाम्यात एकच कलम. जिथे सगळ्यांच्या पत्रांच्या पेट्या एका रांगेत होत्या, तिथे एक बाकडं ठेवायचं. बॉबचा त्याला सक्त विरोध. त्याचं म्हणणं, "बाकडं ठेवलं तर लोक बसतील."

तिसऱ्या वर्षी मात्र वारं फिरलं. बॉबने हुकूम काढला की सगळ्यांची दारं एकाच तपकिरी रंगाची हवीत, आणि रंगाचा नमुना घेऊन तो घरोघरी गेला. लोक चिडले. केतिलराव गमबूट घालून साठही घरं फिरले, पुन्हा पुन्हा फिरले. आम्हा दोघांना वाटायला लागलं की या वेळी म्हातारा येतो. मला इंग्रजी वाचता येत नव्हतं, तर त्यांनी मला मतपत्रिकेवरचं आपलं नाव कसं दिसेल ते काढून दाखवलं. म्हणाले, "घराचं मत मुलगा देईल, पण तुम्ही नजर ठेवा." आणि मग जरा थांबून म्हणाले, "एकदा जिंकायचं आहे मला. शेवटची निवडणूक हरलेली असू नये." त्यात श्लोक नव्हता, म्हणून मला ते खरं वाटलं.

आणि नेमकं त्याच सप्टेंबरात त्यांना मासे खायची लहर आली.

त्यांच्याकडे मासा वाळवून खातात. आपल्याकडेही खातात, पण आपण मीठ लावतो, ऊन देतो. केतिलरावांनी मोठाले पांढरे मासे आणले, चिरले आणि मागच्या अंगणात वळचणीखाली दोरीवर तसेच टांगले. मी कुंपणावरून म्हटलं, "मीठ लावा. वेंगुर्ल्याला मिठाशिवाय कुणी मासा वाळत घालत नाही."

"मीठ भित्री माणसं लावतात," ते म्हणाले. "आमच्याकडे वारा वाळवतो."

त्यांच्याकडे समुद्रावरून सुरीसारखा वारा येत असेल. हर्नडनला सप्टेंबरात हवा म्हणजे न पिळलेलं फडकं. मी चार वर्षांत सुकटीचा वास घेतला नव्हता. अनिलची पहिल्या दिवसापासून ताकीद होती, "आई, इथे सुकट नाही हं. स्मेल जातो." म्हणून पहिले दोन दिवस मी मागच्या दाराशी उगाच उभी राहायचे. चौथ्या दिवशी दार घट्ट लावून घेतलं. केतिलराव मात्र खुशीत. जरा वाळलेला तुकडा घ्यायचे, हातोडीने ठोकून मऊ करायचे आणि त्याला लोणी लावून खायचे. सुक्या माशाला लोणी! मला एक दिला. मी खाल्ला. वाईट नव्हता. मिठाने चांगला झाला असता.

आठ दिवसांनी कमिटीचं पत्र आलं. केतिलरावांना नाही. आम्हाला.

अनिलने जेवणाच्या टेबलावर ते वाचलं: तुमच्या घरातून माशांचा वास येतो, पुढच्या मीटिंगला या. त्याचे कान लाल झाले. बापासारखे.

"आई, तू सुकट आणलीस?"

"कुठून आणू? मला ड्राइव्ह येतं?"

"मग बोंबील? शैलाच्या मावशीने दिले असतील."

शैला म्हणाली, "माझ्या मावशीला मध्ये आणू नकोस. ती माळकरी आहे."

मी म्हटलं, "अरे, शेजारचे केतिलराव मासे वाळवतात. मागे जाऊन कुंपणावरून बघ."

"आई, प्लीज. तो माणूस पार्लमेंटचा मेंबर होता."

"म्हणून काय नुसती हवा खातो?"

"गोरे लोक असलं करत नाहीत गं. आणि दुसऱ्याच्या बॅकयार्डात डोकावणं इथे इल्लीगल असतं. मी मीटिंगमध्ये सॉरी म्हणतो आणि विषय क्लोज करतो."

"मी केलं नाही त्याचं सॉरी तू कशाला म्हणतोस?"

"कारण लेटर आपल्याला आलंय!"

याच मुलाला मी सुकटीचं कालवण आणि भात घालून वाढवला. लहानपणी मच्छीबाजारातून येताना पिशवीत नाक घालून चालायचा. आता कागदावर छापून आलं की आई खोटी. चार दिवस मी त्याच्याशी भांडले. त्याने ऐकलं नाही. तो म्हणे मीटिंग मंगळवारी, मंगळवारनंतर बोलू.

शनिवारी केतिलराव आले. सूट, टाय, गमबूट. कॉफीचा घोट घेतला. "विरोधी पक्षाचं काय म्हणणं आहे?"

"विरोधी पक्षाचं म्हणणं आहे की तुमचे मासे मी वाळवते," मी म्हटलं आणि पत्र त्यांच्या पुढ्यात टाकलं.

त्यांनी चष्मा लावला. दोनदा वाचलं. मग दाढेखालचा गुळाचा खडा चावून टाकला. कधी चावत नसत.

"निवडणूक मंगळवारी आहे," ते म्हणाले.

"माहीत आहे मला."

"या वेळी मी येणार आहे."

"तेही माहीत आहे."

मला बघायचं होतं, हा माणूस काय करतो. केतिलराव उठले. अर्धी कॉफी तशीच. हॅट डोक्यावर घातली आणि गेले. त्या दिवशी खिशात टाकायला गूळही मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागे गेले, तर त्यांची दोरी रिकामी. मासे नाहीत, खिळे नाहीत, खाली पाणीसुद्धा मारून ठेवलेलं. मी चहा न घेताच बसले. म्हटलं, झालं. पुरावा गेला. आता मंगळवारी हा टाय लावून निवडून येणार, बाकडं येणार, आणि त्या बाकड्यावर बसणारा प्रत्येक जण आमच्या घराकडे बोट दाखवून म्हणणार, ती वासवाली म्हातारी तिथे राहते. बारा वर्षं लोकसभेत बसून माणूस दुसरं काय शिकणार? मला स्वतःचाच राग आला तो गुळापायी. चांगला कोल्हापुरी गूळ होता.

मंगळवारी संध्याकाळी पोहण्याच्या तलावाशेजारच्या हॉलमध्ये मीटिंग होती. अनिल म्हणाला, तू येऊ नकोस. म्हणून मी गेले. नऊवारी, वर स्वेटर, खाली शैलाचे जुने कॅनव्हासचे बूट. शैला माझ्या बाजूला बसली, काही अडलं तर कानात सांगायला. केतिलराव पहिल्या रांगेत, पाठ ताठ. माझ्याकडे वळून पाहिलं नाही.

बॉब म्हणाला, आधी तक्रारी, मग मतदान. दाराच्या रंगावर पाऊण तास गेला. लोक बॉबवर तुटून पडले आणि मधूनमधून केतिलरावांकडे बघून मान हलवत होते. म्हणजे आलेच ते, नुसत्या कागदावर खुणा करायच्या राहिल्या होत्या. मग बॉबने घसा साफ केला आणि म्हणाला, एका घराबद्दल वासाची तक्रार आहे. घराचा नंबर त्याने मोठ्या सभ्यपणाने सांगितला नाही. सगळ्यांनी तितक्याच सभ्यपणाने वळून आमच्याकडे पाहिलं.

अनिल उठला. म्हणाला, आम्ही दिलगीर आहोत, पुन्हा होणार नाही. पुढे म्हणाला, "माय मदर इज फ्रॉम अ स्मॉल व्हिलेज. शी डझन्ट नो."

एवढं इंग्रजी मला शैलाच्या मदतीशिवाय कळलं.

मी उठणारच होते. तेवढ्यात गमबुटांचा आवाज आला. केतिलराव पुढे जाऊन टेबलाशी उभे होते. त्यांनी कोटाच्या आतून वर्तमानपत्राची एक लांबट पुडी काढली, बॉबच्या कागदांवर ठेवली आणि उलगडली. आत मासा. हातोडीने ठोकून सपाट केलेला. पुरावा गेला नव्हता तर. बॉबने खुर्चीसकट मागे उडी मारली.

मग केतिलरावांनी श्लोक म्हटला. आधी त्यांच्या भाषेत, खड्या आवाजात, त्यांच्या लोकसभेत म्हणत असतील तसा. मग इंग्रजीत, एकेक शब्द ठेवत. तो मी माझ्या परीने मराठीत बसवला आहे:

मासा माझा, माळ माझी, माझाच आहे वास,
मुकाट्याने गणूची लेक सोसते का त्रास?
बारा वर्षं सभेत बसून बोललो थोडं खरं,
बसू द्या आता दुसऱ्याला, पडलो तरी बरं.

मी मुकाट्याने काही सोसलं नव्हतं. चार दिवस मुलाचं डोकं खाल्लं होतं. पण अक्षरं जुळवायला कवी काहीही लिहितात.

मागे एक बाई हसली आणि तिने लगेच रुमाल तोंडाला लावला. बॉबने उठून सगळ्या खिडक्या उघडल्या. मग मतपत्रिका वाटल्या, घरटी एक. आमची अनिलच्या हातात आली. तो जरा वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने मान वर न करता कागद आणि पेन माझ्या मांडीवर ठेवलं. शैला दाखवायला वाकली, तिला मी म्हटलं, "नाव ओळखते मी." त्या नावापुढे मी फुली मारली. अमेरिकेतलं माझं पहिलं मत.

केतिलरावांना सात मतं पडली. बाकीची बॉबला. गवत मोजणारा चालेल, दाराला रंग लावायला लावणारा चालेल, पण मासे वाळवणारा नको.

घरी चालत येताना अनिल म्हणाला, "आई, तू मला सांगायचं ना."

"सांगितलं होतं."

"हो," तो म्हणाला. पुढच्या रविवारी तासभर गाडी हाकून देशी दुकानात गेला आणि सुकट घेऊन आला. मी मागची खिडकी न उघडता कालवण केलं.

मला वाटलं होतं, शनिवारी केतिलराव येतील. मी कॉफीचं पाणीही ठेवलं. दहा वाजले, साडेदहा वाजले. नाही आले. पुढच्या शनिवारीही नाही. आजारी असतील म्हणून मी शैलाला सांगितलं, सिग्रून दिसली तर विचार. पत्रांच्या पेट्यांशी दोघी भेटल्या.

शैला येऊन म्हणाली, "आजारी नाहीत हो आई. शनिवारी सकाळी सूट-टाय घालून घरात बसून राहतात म्हणे. सिग्रून म्हणाली जाऊन या, तर म्हणाले, पडलेल्या उमेदवाराने दार वाजवायचं नसतं. त्यांच्या गावी कुणाच्याही शेतघरावर जा, कॉफी तयार असायची. इथे फोन न करता गेलं तर लोक घाबरतात. उमेदवाराला तेवढं दार उघडतात. ती म्हणाली, निवडणुकीचं त्यांना एवढं वेड का, तर दार वाजवायला निमित्त म्हणून. आता निमित्त संपलं."

मी म्हटलं, "साठ घरं फिरले ना? कॉफी किती जणांनी दिली?"

"ते मी कशाला विचारू?" शैला म्हणाली.

शनिवारी दहाला मी कॅनव्हासचे बूट घातले आणि शेजारच्या दाराची बेल वाजवली. दोन पावलं मागे सरले. हॅट नव्हती, म्हणून पर्स छातीशी धरली.

दार जरासं उघडलं. केतिलराव सूट-टायमध्ये, पण पायात नुसते मोजे. अंगठ्याशी भोक.

मी म्हटलं, "मी उमेदवार आहे. मत मागायला आले."

"निवडणूक पुढच्या ऑक्टोबरात आहे," ते म्हणाले.

"माझा प्रचार लवकर सुरू होतो."

"जाहीरनामा?"

"बाकडं."

त्यांनी दार पूर्ण उघडलं. आत गेले तर खिडकीशी एक खुर्ची, तीवर उशी. बाकीच्या खुर्च्यांवर पुस्तकं आणि वर्तमानपत्रं. एक खुर्ची मोकळी करायला त्यांना बराच वेळ लागला. तो गठ्ठा कुठे ठेवायचा, हेच त्यांना सुचेना. शेवटी न्हाणीघरात ठेवला.

कॉफी आली. घोट घेऊन मीच म्हटलं, "विरोधी पक्षाचं काय म्हणणं आहे?"

"विरोधी पक्षाला बोलायला कुणी नव्हतं," केतिलराव म्हणाले. मग त्यांना काहीतरी आठवलं. उठून त्यांनी कपाटातून एक पत्र्याचा डबा काढला, झाकण काढून माझ्यापुढे धरला. आत गुळाचे खडे होते. माझेच. दर शनिवारी एक तोंडात जायचा आणि एक खिशात.

"पाहुण्यांसाठी," ते म्हणाले.

डबा गच्च भरलेला होता.

"मुंग्या लागतील," मी म्हटलं, आणि एक खडा उचलून दाढेखाली धरला.